चहा नको, भावंडं तपासून घ्या

आमच्या घरी अनोळखी नंबरवरून फोन आला की आई आधी बाबांच्या तोंडाकडे बघायची. पलीकडचं बोलणं तिला ऐकू येत नसे. पण बाबा खुर्चीतून उठले आणि "कोणता दवाखाना?" म्हणाले, की ती गॅस पेटवून पोह्यांना फोडणी टाकायची. उपाशीपोटी रक्त देता येत नाही.

बाबांचं रक्त वेगळं आहे. माझंही. साध्या तपासणीत ते 'ओ' दिसतं, पण ओ गटाचं रक्त आम्हाला चढवलं तर ते सोसत नाही, जिवावर बेतू शकतं. आम्हाला फक्त आमच्यासारख्याचंच चालतं, आणि आमच्यासारखी माणसं फार थोडी. बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात त्याला. "मुंबई कधी धड बघितली न्हाई, पण रक्त मुंबईचं हाय," असं बाबा प्रत्येक रक्तपेढीत म्हणायचे आणि प्रत्येक वेळी आपणच हसायचे.

ते नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून होते. ऑफिसातल्या शिबिरात रक्त दिलं, तेव्हा लॅबमधला माणूस काही दिवसांनी स्कूटरवर घरी आला आणि म्हणाला, साहेब, अजून थोडं द्या, काहीतरी निराळं दिसून राहिलं. तेव्हापासून नांदेड, लातूर, परभणी, पार बीदरपर्यंतच्या रक्तपेढ्यांत फ्रिजशेजारच्या भिंतीवर बाबांचा नंबर चिकटवलेला असतो. देगलूरची बाळंतीण, मुदखेडचा रेल्वेतला माणूस, उदगीरचं लहान मूल. बाबा रजा टाकून जायचे. पुढे रजाही टाकेनासे झाले. साहेबांना सवय झाली होती.

त्यांचे नियम ठरलेले. आडनाव विचारायचं नाही, सांगायचं नाही. पेशंटच्या लोकांचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि निघताना एकच गोष्ट मागायची: पेशंटच्या सख्ख्या भावंडांचं रक्त तपासून घ्या, त्यांच्यात एखाद्याचं हेच निघू शकतं.

"पण चहा का नको?" मी लहानपणी विचारलं होतं.

"चहा पाजला की माणसाला वाटतं, फिटलं. एकदा फिटलं वाटलं की सांगितलेलं काम करत न्हाईत लोक."

चहा न पिऊनही लोक ते काम करत नसत. हो हो म्हणायचे, हात जोडायचे आणि गावी निघून जायचे. इतक्या वर्षांत बाबांच्या हाती एकच माणूस लागला, सोलापूरकडचे एक शिक्षक. त्यांच्या बहिणीला बाबांनी रक्त दिलं होतं. सरांनी परत गेल्यावर खरोखर तपासून घेतलं आणि त्यांचं तेच निघालं. त्या दिवशी बाबांनी घरात पेढे आणले. आई म्हणाली, "सून आणल्यासारखं करून राहिले."

माझं रक्त बाबांनी दहावीच्या सुट्टीत तपासलं. दादाचं आईसारखं, साधं निघालं होतं. माझं बाबांचं निघालं. डॉक्टरांनी कागदावर गोल आणि चौकोन काढून दाखवलं की हे दोन्ही बाजूंनी यावं लागतं, नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतं. आई बाबांच्या मामाची मुलगी. ती त्या कागदाकडे अशी बघत राहिली, जसं काही तिच्या माहेरावर कुणी ठपका ठेवलाय. पुढे माझ्या लग्नाचा बायोडाटा तयार करायची वेळ आली, तेव्हा उंची, वर्ण, नक्षत्र यांच्या खाली रक्तगटाच्या रकान्यात तिने 'ओ पॉझिटिव्ह' लिहायला लावलं.

"खोटं कुठं हाय? साध्या तपासणीत तेच दिसतं," ती म्हणाली.

"उद्या हिचा अपघात झाला, अन् त्या लोकांनी ओ चढवलं तर?" बाबा म्हणाले.

"आधी लग्न तर होऊ द्या."

मी काही बोलले नाही. मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, तिथे मराठी बोललं की दंड असायचा, आणि इंग्रजी बोलताना माझी जीभ अडखळायची. त्यामुळे दोन्हीत गप्प राहायची सवय लागली, ती गेली नाही. आता मी लातूरला नीटच्या एका क्लासमध्ये डाउट काउंटरवर बसते. मुलं चिठ्ठीवर प्रश्न लिहून देतात, मी चिठ्ठीवरच उत्तर लिहून देते. बॉम्बे ग्रुपचा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच. मी तेच गोल आणि चौकोन काढून देते. हे रक्त माझ्याच अंगात आहे हे एकाही मुलाला माहीत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मी घरी होते. गच्चीवर कपडे वाळत घालताना मला बाबा तरोडा नाक्याकडून चालत येताना दिसले. मध्येच ते थांबले, मोबाइल कानाला लावला आणि कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे मान हलवत उभे राहिले. मग परत चालायला लागले. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. रात्री मी त्यांचा मोबाइल बघितला. त्या वेळी ना कुणाचा फोन आला होता, ना त्यांनी केला होता.

छातीत भरून आलं की थांबायला ते फोनचं निमित्त करत होते. दवाखान्यात नेलं, तर अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळे निघाले. बायपास करावी लागेल. सर्जन म्हणाले, ह्या गटाच्या दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय मी हात लावणार नाही.

आयुष्यभर दुसऱ्यांना देत फिरलेल्या माणसासाठी दोन पिशव्या. बाबा आता स्वतःचंही देऊ शकत नव्हते. पासष्टी उलटली होती. सोलापूरच्या सरांनी थोड्याच दिवसांपूर्वी कुणाला तरी दिलं होतं. एकदा दिलं की पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने थांबावं लागतं. त्यांचे तीन महिने संक्रांतीनंतर भरत होते, म्हणून ऑपरेशन संक्रांतीनंतर ठरलं. एक पिशवी सरांची, दुसरी माझी.

माझं हिमोग्लोबिन कमी होतं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज संध्याकाळी आईचा फोन. "घेतली का? बीट खाल्लं का? चहा नको पिऊ त्याच्यावर, लागत न्हाई अंगाला." मी मेसच्या डब्याबरोबर खजूर, गूळ-शेंगदाणे खायची. आरशासमोर खालची पापणी ओढून बघायची, लाल दिसते का. माझ्या अंगातलं हे रक्त माझं नव्हतंच, बाबांसाठी जमवून ठेवलेलं होतं. रस्ता ओलांडताना ट्रक दिसला की मी मागे सरायची, आणि मनात यायचं, आता आपल्याला काही होऊन चालायचं नाही.

डिसेंबरमध्ये एका दुपारी काउंटरवर असताना फोन वाजला. लातूरच्याच एका रक्तपेढीतून.

"मॅडम, तुमच्या वडिलांनी नंबर दिला. अर्जंट आहे. डिलिव्हरी झालेली पेशंट, ब्लीडिंग थांबत नाही. आम्ही सगळीकडे फोन लावले. जवळ तुम्हीच आहात."

मी "कळवते" म्हणाले आणि बाबांना फोन केला.

"तुम्ही माझा नंबर दिलात?"

"हाव."

"मला न विचारता?"

"नंबरच दिला न बाई, रक्त थोडंच दिलं? ते तुझं हाय. हो म्हणायचं का न्हाई, तू बघ."

"आणि तुमचं ऑपरेशन?"

"मी बसलोय की इथं चांगला. तिकडं बाळंतीण हाय म्हणे. लेकरू झालंय, अन् तिचं रक्त थांबून नाही राहिलं..."

एवढ्यात आईने फोन ओढून घेतला असावा. "ए, ऐक. जाऊ नकोस तू. ताप आला म्हण. पाळी आली म्हण. काय बी म्हण."

"आई, पण..."

"त्यांचं लेकरू लेकरू, अन् माझं घर काय?"

मागून बाबांचा आवाज आला, "फोन दे इकडं."

"न्हाई देत. जन्मभर तुमचंच ऐकलं."

फोन बंद झाला. समोर एक मुलगा चिठ्ठी धरून उभा होता. मी त्याला थांब म्हणाले, पर्स उचलली आणि बाहेर पडले. ऑटोत बसताना मी स्वतःला सांगितलं की मी फक्त बघून येणार आहे. बघायला जाण्यात काही नसतं.

दवाखान्यातल्याच त्या रक्तपेढीबाहेरच्या बाकावर तिघं बसले होते. एक म्हातारी, तिशीतला एक माणूस आणि मांडीवर थर्मास घेऊन बसलेली विशीतली एक मुलगी. मला कुणी ओळखत नव्हतं. म्हातारीने सरकून जागा केली.

"बस की बाई. तुमचं कोण हाय आत?"

"कोणी नाही."

"मग?"

"काम आहे."

तिने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि मग त्या माणसाकडे वळली. "येती म्हणली का न्हाई रे ती?"

"येईल म्हणे. फोन लागला म्हणे."

"म्हणे-म्हणे लई झालं सकाळपून. आधी म्हणले ओ आणा. ओची चार पोरं धरून आणली. मग म्हणले, ओ चालत न्हाई. आता हे मुंबईचं काढलं. रक्ताला बी गावाचा पत्ता असतो व्हय!"

थर्मासवाल्या मुलीला हसू फुटलं. तिने लगेच तोंडावर ओढणी धरली, आणि ओढणीमागे ती रडतेय की हसतेय ते कळेना. "आत्या, हळू बोला न," ती म्हणाली.

बोलण्यातून कळलं की आत जी होती ती या दोघांची बहीण आणि म्हातारीची सून. म्हणजे मुलगी आत्याच्याच घरात दिलेली. आमच्यासारखंच घर.

"बाळ तिच्याच तोंडावर गेलंय," म्हातारी मला म्हणाली, जसं काही मी विचारलंच होतं. "डोळे उघडून बघून राहिलं. कुणाला बघतंय काय की."

मी उठून जाऊ शकत होते. मला कुणी ओळखत नव्हतं, आणि फोनवर ताप आला म्हणणं सोपं होतं. पण मी ते म्हणाले असते, तर जानेवारीत हीच पिशवी बाबांच्या खाटेशेजारी लटकली असती आणि बाबा शुद्धीवर आल्यावर तिच्याकडे बघून मला एकच गोष्ट विचारली असती: त्या बाळंतिणीचं काय झालं? मला दानाबिनाचं काही वाटलं नाही. मला त्या प्रश्नाची भीती वाटली.

मी आत जाऊन टेक्निशियनला नाव सांगितलं.

त्याने बोटाला टोचलं. काचेच्या नळीतून रक्ताचा एक थेंब निळ्या पाण्याच्या भांड्यात सोडला. थेंब बुडाला तर रक्त पुरेसं आहे. तरंगला तर नाही, घरी जा. हे मला माहीत होतं. आणि तो थेंब नळीतून सुटला तेव्हा मी मनापासून म्हटलं, तरंग. तरंग, म्हणजे माझ्यावर काही राहणार नाही. आईलाही तोंड दाखवता येईल, बाबांनाही.

थेंब क्षणभर मध्येच थांबल्यासारखा वाटला. मग सरळ तळाशी गेला.

"मस्त आहे," टेक्निशियन म्हणाला. "गोळ्या घेता का?"

पिशवी भरून बाहेर आले तेव्हा तिघंही उभे होते. टेक्निशियनने त्यांना सांगितलं असणार. म्हातारीने माझे दोन्ही हात धरले. "माय, तू मघापून हितंच बसली होतीस, अन् बोलली न्हाईस!" मग तिने थर्मासमधला चहा झाकणात ओतून पुढे केला. "घे. साखर जास्त घातली. आडनाव काय तुमचं?"

"चहा नको," मी म्हणाले. आडनावाचं ऐकू न आल्यासारखं केलं.

आता मागायचं होतं. बाबा हे वाक्य किती सहज म्हणायचे. माझ्या तोंडून ते तुटक तुटक बाहेर आलं. "पेशंटच्या भावंडांचं... तुम्हा दोघांचं रक्त तपासून घ्या. ह्याच गटाचं असू शकतं."

"माझं घ्या की. आत्ता घ्या," भाऊ बाही वर करत म्हणाला.

"आणि यांचं?"

त्याने बहिणीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तिचं राहू द्या ताई. तिला बघायला येऊन राहिलेत पुढच्या महिन्यात."

"हा आजार नाही. काहीच होत नाही याने."

"तुमाला म्हाईत हाय ओ. पण लोकाला कोण सांगत बसणार?"

मला त्याला खूप काही सांगता आलं असतं; गोल आणि चौकोन काढूनही दाखवता आले असते. पण माझ्या स्वतःच्या बायोडाटावर 'ओ पॉझिटिव्ह' होतं. मी टेक्निशियनला फक्त भावाचं घ्यायला सांगितलं. ते साधं ओ निघालं.

मी जिना उतरत होते तेव्हा ती मुलगी मागून आली.

"दुखतं का?"

"टोचताना थोडं."

"नंतर?"

मी कठडा धरून पायरीवर बसले. उभी असते तर बोलले नसते. "नंतर भीती वाटते," मी म्हणाले. "माझ्या वडिलांचं ऑपरेशन आहे जानेवारीत. हे त्यांच्यासाठी ठेवलं होतं."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. बाबांनी असं कधीच कुणाला सांगितलं नसतं. चहा न घेणारा माणूस असं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवत नाही. पण आता बोलून गेले होते. तिने माझा नंबर मागितला, आणि मी दिला.

शनिवारी अहमदपूर-लोह्यामार्गे नांदेडला गेले. आई माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं, पाणी ठेवलं, आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. बाबांनी मात्र सगळं विचारून घेतलं. बाई वाचली का? वाचली. लेकरू? मुलगी आहे, चांगली आहे. मग पुढे वाकून हळूच, "भावंडं तपासली का?"

"भावाचं साधं निघालं. बहिणीचं करू दिलं नाही."

"तू नीट सांगितलं न्हाईस," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून, "पण मागितलं न? बास."

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते सांगता येत नाही. ह्याच गटाच्या दूरदूरच्या दात्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर मी बाबांचं टाकलं. एकाला कावीळ होऊन गेलेली, एक परदेशात, एकीने नुकतंच दिलेलं. सगळे हात जोडल्याची चित्रं पाठवत होते. सर्जन चिडले, म्हणाले, एका पिशवीवर मी करणार नाही आणि फार थांबताही येणार नाही. बाबा आता अंगणापर्यंत जाऊन परत येतानाही मोबाइल कानाला लावत. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. तो फोन खोटा आहे हे तिलाही कळलं होतं, पण ती विचारायची, "कुणाचा होता?" आणि ते म्हणायचे, "असाच, ऑफिसातला."

मी लातूरला परतले तरी माझं लक्ष तिकडेच. काउंटरवर एका मुलीने बॉम्बे ग्रुपची चिठ्ठी दिली. मी पहिला चौकोन काढला आणि पुढे हात चालेना. "उद्या दे," मी म्हणाले. ती मुलगी मला बरं नाही असं समजून पाण्याची बाटली ठेवून गेली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी फोन आला.

"ताई, मी ती. थर्मासवाली."

"बहीण कशी आहे?"

"बरी हाय. ताई, मी कॉलेजजवळच्या लॅबमध्ये गेले होते, एकटीच. त्यांनी नमुना पुढं पाठवला होता." मग तिने आवाज बारीक केला. "तेच हाय."

मी खुर्चीतून उठले.

"तुमच्या बाबांचं झालं का ऑपरेशन?"

"नाही."

"मग मी येते. घरी विद्यापीठात मार्कशीटचं काम हाय म्हणून सांगते, नांदेडलाच तर हाय विद्यापीठ. पण ताई, माझं वजन कमी भरलं तर?"

ती आली तेव्हा मी स्टँडवर घ्यायला गेले होते. उतरल्या उतरल्या म्हणाली, "बसमध्ये सहा केळी खाल्ली. शेजारची बाई बघून राहिली होती." काट्यावर ती उभी राहिली तेव्हा आम्ही दोघीही आकड्याकडे वाकून बघत होतो. भरलं, जेमतेम.

मग पुन्हा तेच निळं पाणी. दवाखाना वेगळा, भांडं वेगळं, पण पाणी तेच. तिच्या बोटाचा थेंब नळीतून सुटला आणि मी मनात म्हटलं, बुड. महिन्याभरापूर्वी मी जे मागितलं होतं त्याच्या उलटं मागत होते, आणि तितक्याच जोराने. लातूरच्या त्या बाकावर म्हातारीने कुणाचं तरी बुडणं असंच मागितलं असेल, मी शेजारी बसले होते तेव्हा.

थेंब तळाशी गेला.

बाबा वरच्या मजल्यावर वॉर्डात होते. मी त्यांना सांगितलं, ती आलीय. ते उठून बसले, मग परत आडवे झाले. "मला न्हाई भेटायचं तिला. आडनाव विचारू नका. अन् आईला सांग, चहा..."

आई तोवर खाली पोचली होती. तिच्या हातात घरून आणलेला थर्मास होता आणि स्टीलच्या डब्यात शिरा. मुलगी पिशवी देऊन बाहेर आली तशी आईने तिला बाकावर बसवलं आणि चहा ओतला.

"आई," मी म्हणाले, "बाबा म्हणतात..."

"तुझ्या बाबांचं मला सांगू नको. पोरगी पांढरी पडली. फिटू दे न फिटू दे, तिनं आधी प्यावं."

मुलीने दोन्ही हातांनी कप धरून चहा प्यायला. शिराही खाल्ला. आई तिच्या शेजारी बसून राहिली, काही न विचारता. एकदा फक्त तिची ओढणी खांद्यावर नीट केली.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले तेव्हा ती म्हणाली, "ताई, तुमच्या बायोडाटावर काय लिहिलंय?"

"ओ पॉझिटिव्ह."

ती आधी हसली, मग मीही. गाडी लागलेली होती, लोक आमच्याकडे बघत होते. मग तिचं हसू थांबलं. "माझा नंबर भिंतीवर लावू देऊ नका. फोन घरी बी कुणी उचलतं. तुमच्याच नंबरवर येऊ द्या. मग तुम्ही मला मेसेज करा, नोट्स पाहिजेत म्हणून. मी समजून जाईन."

"आणि लग्नानंतर?"

ती गाडीत चढली. गाडी सुटली.

सोलापूरचे सरही ठरल्याप्रमाणे येऊन गेले. ऑपरेशन झालं. बाबांना दोन्ही पिशव्या लागल्या. अतिदक्षता विभागातून बाहेर आल्यावर ते पहिल्यांदा जे नीट बोलले ते असं: "तिच्या चुलत्या-मामाकडच्या पोरी किती हायत, विचारलंस का?" आई उठून बाहेर गेली. काही वेळाने मी बघायला गेले, तर ती कॉरिडॉरमध्ये खिडकीपाशी उभी होती आणि पदराने तोंड पुसत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या बायोडाटावरचं ते रक्तगटाचं बदलून टाक. ज्याला चालत नसंल, त्यानं नको येऊ."

मी बदललं. त्यानंतर एका ठिकाणाहून काहीच उत्तर आलं नाही. दुसरीकडून विचारणा झाली की म्हणजे नक्की काय, मुलांना काही होतं का. मी चार ओळी लिहून पाठवल्या. अजून त्यांचं काही आलेलं नाही.

लातूरच्या रक्तपेढीत बाबांच्या नंबरवर काट मारून खाली माझा लिहिलाय. मी तो बघायला गेले होते. माझे चार महिने आता भरत आलेत, थर्मासवालीचे त्यानंतर महिन्याने भरतील. एकदा मी दिलं की त्यानंतरच्या फोनला मला दुसऱ्या कुणाला तरी सांगावं लागेल, आणि दुसरं कोण आहे ते फक्त मला माहीत आहे. तिचं लग्न ठरलंय म्हणे, देवणीकडे कुठेतरी. तिने घरी सांगितलं की नाही हे मी विचारलेलं नाही. विचारायला हवं. रोज ठरवते, आणि रोज तिच्या नावाशी जाऊन परत येते.

माझ्या मोबाइलमध्ये मेसेज लिहून ठेवलाय. 'नोट्स पाहिजेत. अर्जंट.' अनोळखी नंबर वाजला की मी खुर्चीतून उठते. नांदेडला असले, तर आई स्वयंपाकघरातून माझ्या तोंडाकडे बघते, आणि बाबा पेपर खाली ठेवून विचारतात, "कोणता दवाखाना?"